भोगावती ते तिलारी: सायकलवर चार दिवस, सहा नद्या

डिसेंबरात आम्ही सहा जण कोल्हापूरवरून सायकली घेऊन निघालो आणि चौथ्या दिवशी दोडामार्गला उतरलो. मधे दाजीपूर, पाटगाव, आंबोली असे तीन मुक्काम. मीटरवर २८० च्या आसपास किलोमीटर पडले. रस्ता ठरवताना एकच अट होती, की हायवे जमेल तेवढा टाळायचा आणि जंगलाच्या कडेनं, आतल्या आतल्या रस्त्यांनी जायचं. सपोर्ट गाडी नाही. सगळं सामान सायकलवरच, दोघांकडे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनिअर बॅगा, बाकीच्यांनी कॅरिअरवर ड्राय बॅगा बंजी कॉर्डनं बांधलेल्या.

पहिला दिवस उसातूनच गेला. साखर कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागून ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू आलं की आधीच डाव्या बाजूला खाली उतरायचं. भोगावती नदी कधी डावीकडे कधी उजवीकडे. राधानगरीत मिसळ खाऊन धरणावर गेलो. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास हे काम हाती घेतलं, आणि राधानगरी हे नाव त्यांच्या मुलीचं, राधाबाईंचं. या धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की आपोआप बंद होतात, वीज नाही काही नाही. पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी आली की खाली पंचगंगेकाठी लोक सामान वर ठेवायला लागतात, मी लहानपणापासून हे ऐकतोय, पण ते दरवाजे समोर उभं राहून बघताना अंगावर काटा आला.

राधानगरीपासून दाजीपूरचा रस्ता जलाशयाच्या कडेनं चढत जातो. इथून पुढं झाडी दाट होत जाते आणि आवाजच बदलतो. राधानगरी हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ सालचं, गव्यांसाठी केलेलं. त्याआधी हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं जंगल होतं. आम्ही जिथं राहिलो तिथल्या काकांनी जेवताना एक गोष्ट सांगितली ती पुढचे तिन्ही दिवस उपयोगी पडली. म्हणाले, "गाडीचा आवाज येतोय तवा गवा आपसूक बाजूला हुतोय. तुमच्या सायकलीला आवाजच न्हाई. त्यो दचकला की आंगावर येणार. बोलत जावा, घंटी वाजवत जावा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला धुक्यात तेच झालं. आम्ही मोठ्यानं गप्पा मारत निघालेलो, वळणावर पुढच्यानं हात वर केला आणि सगळे थांबलो. साठेक फुटांवर रस्त्यात एक मोठा काळा गवा उभा, गुडघ्यापासून खाली पाय पांढरे, नाकातून वाफ येत होती. त्याच्या मागून एक मादी आणि दोन पिल्लं रस्ता ओलांडत होती. कुणी मोबाईल काढला नाही. पाचेक मिनिटं असतील पण मला खूप वेळ वाटला. शेवटचं पिल्लू झाडीत गेल्यावर त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तो पण गेला, एवढं मोठं जनावर पण पाचोळ्याचा आवाज सुद्धा फार आला नाही. त्यानंतर सोळांकूर येईपर्यंत आम्ही कुणी काही धड बोललोच नाही.

तो दिवस सगळ्यात लांब होता, नव्वदच्या वर किलोमीटर. राधानगरी, सरवडे, मुदाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव. आणि याच दिवशी मला नकाशा पायात कळायला लागला. सरवड्याला दूधगंगा लागते, पुढं गारगोटीला वेदगंगा. गाडीत बसून गेलं तर हे सगळं एकसारखं हिरवं दिसतं, पण सायकलवर प्रत्येक चढ म्हणजे दोन नद्यांच्या मधली भिंत आहे हे मांड्यांना कळतं. एका नदीला खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, परत चढायचं, वर आलं की दुसऱ्या नदीचं खोरं समोर. मी त्या दिवसापासून चढ सुरू झाला की पुढच्याला ओरडून विचारायचो, आता कुठली नदी?

कडगावच्या अलीकडे आमच्यातल्या इचलकरंजीच्या ताईंच्या कॅरिअरचा बोल्ट तुटला आणि बॅग चाकावर घासायला लागली. आमच्याकडे ट्यूब, पॅच, चेन लिंक सगळं होतं पण तो बोल्ट नव्हता. झिप टाय लावून कसंबसं कडगावात आलो, तिथं टू-व्हीलर गॅरेजवाल्या पोरानं डब्यातले शंभर बोल्ट ओतून त्यातला एक बसवला, वर दुसऱ्या बाजूचा पण बदलला कारण "त्यो बी जाणार हाय उद्या". पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. कुणी अशी ट्रीप काढणार असेल तर कॅरिअरचे दोन-चार जादा बोल्ट आणि तेवढ्या मापाची ॲलन की नक्की ठेवा, पंक्चरपेक्षा हे जास्त अडवतं.

पाटगावला पोचलो तेव्हा अंधार पडलेला. एका घराच्या सोप्यात झोपायची सोय झाली. पाटगाव म्हणजे मौनी महाराजांचं गाव, दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज त्यांच्या भेटीला इथं आले होते असं सांगतात. आता गावाची ओळख 'मधाचं गाव' अशी पण झालीय, महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर पाटगावचा नंबर लागला. सकाळी आजींनी भाकरीवर मध घालून दिला, सातेरी माशीचा, पेटीतला. जरा कडवट मागची चव होती त्याला. आजी म्हणाल्या, झाडं बदलली की मधाची चव बदलते, जंगल हाय म्हणून मध हाय. मग निघायच्या आधी मौनी सागर जलाशयावर गेलो, वेदगंगेचं अडवलेलं पाणी, वर धुकं तरंगत होतं, पलीकडे रांगण्याकडचे डोंगर.

तिसऱ्या दिवशी वेदगंगा सोडून हिरण्यकेशीच्या खोऱ्यात उतरलो. रस्ता मधे मधे उखडलेला, खडी वर आलेली, चढावर मागचं चाक फिरायचं, तीन ठिकाणी सगळ्यांनीच उतरून ढकलल्या. आम्ही एक नियम पाळला होता की सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढं. आधी मला हे पटत नव्हतं, पण त्यामुळं कुणी मागं एकटं पडलं नाही आणि जंगलात ते फार महत्त्वाचं आहे. आजऱ्यात दुपारी घनसाळ तांदळाचा भात खाल्ला, वाफेबरोबरच वास येतो, सोबत साधं वरण होतं आणि दुसरं काही नको वाटलं. हॉटेलवाल्या काकींनी विचारलं पुढं कुठं, आंबोली म्हणल्यावर म्हणाल्या, "गवश्याच्या फुडं हत्तीचं बघून जावा, सांजच्या आत पोचा." २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून या भागात त्यांचा वावर आहे. रस्त्याकडेला एका शेतात ऊस आडवा झालेला दिसला, शेतकरी बांधावर बसलेला. आम्ही थांबलो पण त्याला काय बोलावं कळेना. तो म्हणाला, "आमी देव म्हणतोय त्याला, पण वरीसभराचं गेलं." जंगल हवं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या बांधावर एकदा बसून यावं असं मला मनापासून वाटतं, भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली तरच तो माणूस हत्तीला देव म्हणत राहील.

आंबोलीत सकाळी हिरण्यकेशीच्या उगमावर गेलो. गुहेतून पाणी येतं, समोर देऊळ आणि कुंड. या कुंडात २०२० मध्ये माशाची नवीन जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात पाय न घालता काठावर बसलो. इथून समुद्र सरळ रेषेत किती जवळ आहे, आणि ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, मग कृष्णा, मग पार बंगालचा उपसागर. भोगावती, दूधगंगा, वेदगंगा सगळ्यांचं तसंच.

चंदगडला ताम्रपर्णी ओलांडली, काजूच्या बागा लागल्या, हेऱ्याच्या पुढं जंगल आणि मग तिलारी घाट. हा घाट सायकलला सोपा नाही हे स्पष्ट सांगतो. उतार फार तीव्र, वळणं एकावर एक, आणि मागं बारा-पंधरा किलो सामान. दर दोन वळणांना थांबून ब्रेकच्या डिस्क गार होऊ दिल्या, ताईंच्या रिम ब्रेकवाल्या सायकलचा रिम हात लावू देत नव्हता, म्हणून त्यांनी अर्धा घाट चालत उतरायचं ठरवलं आणि आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर चाललो. बरं झालं. चालताना खाली तिलारीचं पाणी दिसलं, कुठंतरी धनेश ओरडत होता, आणि हवा प्रत्येक वळणाला जड आणि ओली होत गेली.

खाली पहिल्या टपरीवर थांबलो. मावशीनं सायकलींकडे, मग आमच्याकडे बघितलं.

"खंयसून इलात?"

कोल्हापूर म्हणल्यावर तिनं काही न बोलता आधी सहा ग्लास पाणी आणून ठेवलं. संध्याकाळी आम्ही तिलारी नदीत उतरलो, चपला काठावर काढून. पाणी गार होतं आणि पायांवरून पश्चिमेला चाललं होतं, गोव्याकडे.