युटा, एप्रिल आणि दीडशे क्युसेक

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात फिरायला जायचं ठरलं ते बाबांमुळे. बाबा म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, सहा महिने आमच्याकडे राहायला आलेले आणि मेमध्ये परत जाणार होते. उन्हाळ्यात तिथे पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो आणि थंडीत अर्धे रस्ते बर्फात असतात, म्हणजे मधला एप्रिल बेस्ट, असं मीच एक्सेल शीट करून नवऱ्याला पटवलं. शीटमध्ये सात दिवस, रोजचा ट्रेल, रोजचं अंतर. प्लॅन बी वगैरे काही नाही. वाळवंटात जायचंय, तिथे पाऊस कुठला, हा माझा हिशोब.

लास वेगासला उतरून गाडी घेतली आणि आय-१५ हायवे पकडला. झायन नॅशनल पार्कजवळचं स्प्रिंगडेल गाव तिथून साधारण १६० मैल. वाटेत रस्ता अ‍ॅरिझोनाच्या एका कोपऱ्यातून जातो आणि तिथे अचानक दोन्ही बाजूंनी कातळ अंगावर येतो, व्हर्जिन नदीची घळ आहे ती. नदी म्हणजे काय, पुलावरून पाहिली तर आपल्याकडे ओढाच म्हणतील. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "हा एवढा डोंगर या एवढ्याशा पाण्याने कापलाय होय?" आणि मग गप्प झाले ते अर्धा तास. युटात शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं, ते आम्ही विसरलो आणि पोचलो तेव्हा जेवणाची ठिकाणं बंद व्हायला आलेली. असो.

झायनमध्ये मला दोनच गोष्टी करायच्या होत्या. एंजल्स लँडिंग आणि नॅरोज. एंजल्स लँडिंग म्हणजे एका उंच, अरुंद कड्यावरची चढण, तिला २०२२ पासून परमिट लागतं आणि ते लॉटरीने मिळतं, आम्हाला लागली नाही. नॅरोज म्हणजे त्याच व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालत जायचं, काही ठिकाणी दोन भिंतींमध्ये जेमतेम २० फूट जागा आणि भिंती हजार फुटांच्या वर. पाण्यात चालायचे बूट भाड्याने घ्यायला सकाळी दुकानात गेलो तर तिथला मुलगा म्हणाला नॅरोज बंद आहे, वरचा बर्फ वितळतोय, नदीचा फ्लो १५० सीएफएसच्या वर गेला की बंद करतात आणि सध्या तीनशेच्या वर आहे.

"सीएफएस म्हणजे?" बाबांनी विचारलं.

क्युबिक फीट पर सेकंद, मी म्हटलं.

"म्हणजे क्युसेक!" बाबा असे खूश झाले की परदेशात कोणी ओळखीचं भेटावं. मग लगेच, "दीडशे क्युसेकला बंद? अगं आमच्याकडे पावसाळ्यात धरणातून हजारोंनी सोडतात आणि लोक पुलावर उभे राहून फोटो काढतात." दुकानातल्या मुलाला अर्थातच काही कळलं नाही पण तो हसला.

मग शटलने शेवटच्या स्टॉपला गेलो (सीझनमध्ये कॅन्यनच्या आतल्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येत नाही, आणि ते फार बरं आहे) आणि तिथून नदीकाठचा रिव्हरसाइड वॉक केला. सपाट, फरसबंद वाट, जाऊन-येऊन दोनेक मैल, बाबांना आरामात जमली. वाट संपते तिथून नॅरोज सुरू होतं आणि तिथे पाटी लावलेली, बंद. पाणी गढूळ, कॉफीच्या रंगाचं आणि आवाज असा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. बाबा काठावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "नाही, बरोबर आहे त्यांचं. आमची नदी पसरते, हिला पसरायला जागाच नाही. पाणी थोडंच आहे पण सगळं एका अंगाने येतंय." इंजिनियर माणूस, स्वतःचं मत फिरवायला त्यांना वीस मिनिटं लागली, मला तर अजूनही त्या एक्सेलचं दुःख होतं.

दुपारी बाबांना हॉटेलवर सोडून आम्ही दोघं स्काउट लुकआउटपर्यंत चढलो, तिथपर्यंत परमिट लागत नाही. शेवटी २१ वळणांचा एक घाट आहे, वॉल्टर्स विगल्स नावाचा, खालून बघितला तर वाटतं की कोणीतरी डोंगराला शिवण घातलीय. खालून निघालो तेव्हा टीशर्टवर होतो, वर पोचलो तेव्हा वारा असा की टोपी हातात धरून बसलो, आणि उतरताना गारा. मोठ्या नाहीत, साबुदाण्यासारख्या, पण हजारेक फूट खाली उतरायचं आणि वाटेवर ओला साबुदाणा. तासाभरात परत लख्ख ऊन.

तिसऱ्या दिवशी ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्क. झायनमधून पूर्वेला निघताना डोंगराच्या पोटातून १.१ मैलाचा बोगदा आहे, १९३० मध्ये पूर्ण झालेला, आणि त्याला मध्येच कातळात खिडक्या काढल्यात, त्यातून एक सेकंद दरी दिसते आणि परत अंधार. बाबांनी नवऱ्याला "हळू घे, हळू घे" म्हणून सांगितलं पण मागे रांग. झायनची दरी समुद्रसपाटीपासून चारेक हजार फुटांवर आणि ब्राइसचा काठ आठ ते नऊ हजारांवर, म्हणजे दोन तासांत आम्ही दोन ऋतू ओलांडले. सकाळी उठलो तर गाडीवर चार इंच बर्फ. एप्रिलमध्ये! बाबा कानटोपी, मफलर, माझा जुना जाड कोट अशा अवतारात सनराइज पॉइंटला उभे, आणि समोर ते हूडू, म्हणजे केशरी-गुलाबी दगडाचे हजारो सुळके, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. फोटो टाकत नाही, माझ्या फोटोत ते सगळे गाजर हलव्यासारखे दिसतायत.

ब्राइस नावाला कॅन्यन आहे, खरं तर नदीने कोरलेलं नाही. दिवसा बर्फ वितळून पाणी फटीत जातं, रात्री गोठतं, गोठताना नऊएक टक्क्यांनी फुगतं आणि दगड फोडतं. वर्षातले दीडशेच्या वर दिवस हा उद्योग चालतो. हे वाचलं होतं, पण खाली क्वीन्स गार्डनच्या वाटेवर उतरल्यावर ऐकूही आलं. अकराच्या उन्हात सगळीकडून टिपटिप, आणि मध्येच कुठेतरी खडे घरंगळल्याचा आवाज. नवाहो लूप या वाटेची वॉल स्ट्रीटवाली बाजू याच कारणाने बंद होती, हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला दगड पडतात तिथे. दुसऱ्या बाजूने वर आलो. एक सांगते, बुटांना लावायचे ते मायक्रोस्पाइक्स घेऊन जा. सकाळी बर्फासाठी लागतात. दुपारी काढून ठेवा, कारण तोवर त्याच वाटेचा चिखल झालेला असतो आणि प्रत्येक बुटाला किलोभर माती चिकटते. मी शेवटचा चढ अक्षरशः पाय ओढत चढले आणि वर बाबा थर्मासमधला चहा घेऊन बसलेले. "किती मैल झाले?" तीन. "एवढंच?"

मग आला माझ्या शीटमधला लाल अक्षरातला दिवस, स्पूकी स्लॉट कॅन्यन. एस्कलांटे गावाजवळून होल-इन-द-रॉक नावाचा कच्चा रस्ता निघतो, त्यावर २६ मैल आत गेलं की वळण येतं. स्लॉट म्हणजे पाण्याने कातळात पाडलेली फट, इतकी अरुंद की काही ठिकाणी एक फुटाच्या आसपास, पाठीवरची सॅक काढून आडवं सरकत जायचं. मी याच्यासाठी तीन महिने व्हिडिओ बघत होते. रात्रभर पाऊस. सकाळी आकाश निळंशार, म्हटलं चला. व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजर बाईंनी आधी आमच्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे सांगितलं की त्या रस्त्याची चिकणमाती ओली झाली की साबण होते, फोर व्हील ड्राइव्हसुद्धा अडकतात, आणि दुपारी पश्चिमेकडे परत ढग येणार आहेत. मी म्हटलं पण इथे तर ऊन आहे. त्या म्हणाल्या, पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते.

हे वाक्य मला झोंबलं, कारण मला ते माहीत होतं. कातळावर पाणी मुरत नाही, वीस मैलांवर पडलेला पाऊस सरळ त्या फटीत येतो. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये झायनच्याच कीहोल कॅन्यनमध्ये असा सात जणांचा जीव गेला. तरी मी पार्किंगमध्ये येऊन पाच मिनिटं हुज्जत घातली, नवऱ्याशी, कारण दुसरं कोणी नव्हतं. तो बिचारा म्हणाला की तुझं बरोबर आहे. ते ऐकून अजूनच राग आला.

तर स्पूकी नाही. हायवे १२ वरून पुढे काफ क्रीकला गेलो. जाऊन-येऊन सहा मैल, वाट बरीचशी वाळूची, पिंडऱ्या बोलायला लागतात. पण वाळवंटाच्या मधोमध बारमाही ओढा! त्यात बीव्हर या प्राण्याने घातलेले बांध, मागे साठलेलं हिरवं पाणी. पलीकडच्या कातळावर इथल्या मूळच्या फ्रीमाँट लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी लाल रंगात काढलेल्या तीन मोठ्या आकृत्या, हातात हात घातल्यासारख्या. बाबा अर्ध्यापर्यंत आले, मग म्हणाले मी या बांधाशी बसतो, तुम्ही जा. शेवटी १२६ फुटांचा धबधबा, तुषार इतके गार की दहा मिनिटांत कुडकुडलो. परत आलो तर बाबा एका अमेरिकन जोडप्याला बीव्हरचा बांध का टिकतो ते हातवारे करून समजावत होते. गाडीत बसलो आणि आकाश फुटलं. वायपर फुल स्पीडला. रेंजर बाईंचा विषय कोणी काढला नाही, नवऱ्याने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

पुढचा रस्ता एका धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना दरी आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. त्यापलीकडचं बोल्डर गाव इतकं आडबाजूला की १९३० च्या दशकातही तिथे टपाल खेचरांवरून यायचं. मग ९६०० फुटांची खिंड, परत बर्फ, आणि उतरून कॅपिटल रीफ नॅशनल पार्क.

कॅपिटल रीफबद्दल माझ्या शीटमध्ये एक ओळ होती. 'ग्रँड वॉश, वेळ असल्यास.' वेळ होता पण ढग होते आणि तीही अरुंद घळच, म्हणून तेही नाही, सांगायला नकोच. पण तिथलं जुनं फ्रूटा गाव! लाल कड्यांच्या खाली सफरचंदाच्या बागा, फुलांवर आलेल्या, जमिनीवर पांढरा सडा. मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८८० च्या दशकात इथे वस्ती केली आणि फ्रीमाँट नदीतून चर खणून पाणी आणलं, बागांना अजून तसंच पाटाचं पाणी देतात. बाबा पाटाच्या कडेने चालत शेवटापर्यंत गेले, उतार कसा राखलाय ते वाकून बघितलं आणि परत येऊन म्हणाले, "छान काढलाय." खात्यात ३४ वर्षं काढलेल्या माणसाकडून एवढं कौतुक त्यांच्या मुलाला दहावीलाही मिळालं नव्हतं, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं. आम्ही तिथल्या गिफर्ड हाउस या जुन्या घरातल्या दुकानातून पाय (pie, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) घेतला, झाडाखाली बसून खाल्ला, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा तीन तास हवा बदलली नाही.

भाड्याची गाडी परत देताना धुवायचे वेगळे पैसे लागले. मडगार्डपर्यंत लाल चिखल होता, वाद घालायची सोयच नव्हती.

बाबा मेमध्ये परत गेले. जूनमध्ये एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा मेसेज, सोबत व्हर्जिन नदीचा फ्लो मोजणाऱ्या गेजच्या आलेखाचा स्क्रीनशॉट. कधी शोधून काढलं आणि किती दिवस रोज बघत होते देव जाणे. खाली लिहिलेलं, "दीडशेच्या खाली आलं. जा आता."