वाफशाची वाट

पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की बोलणं होतं ते सिलिंडरचं, ताकदीचं आणि अनुदानाचं. भाजीच्या रानात मात्र त्याची खरी किंमत तारखेत असते. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येतो तो आपला नंबर लागेल तेव्हा. दहा गुंठ्यांसाठी कोण वाट वाकडी करणार? आणि आलाच तर "आज फिरवून घ्या, परत यायला होळी उजाडेल," असं वर ऐकवतो. तोवर रानाचा वाफसा, म्हणजे ना चिकट ना कोरडी अशी मशागतीजोगी ओल, उडून गेलेला असतो, नाहीतर अजून आलेलाच नसतो. दारातल्या ट्रॅक्टरला असली घाई नाही. तो आणखी दोन दिवस थांबू शकतो.

या थांबण्याला फेब्रुवारीत फार मोल आहे. उन्हाळी भेंडी, गवार, काकडी, दोडका यांची लागण संक्रांत उलटल्यावर, थंडीचा जोर ओसरला की सुरू होते. घाई केली आणि माती वीस अंशांपेक्षा गार असली, तर भेंडीचं बी नुसतं पडून राहतं, कुजतं. उशीर केला तर ऐन तोड्याच्या वेळी पारा बेचाळिशीवर जातो, भेंडीची फुलं गळतात आणि काकडीवर नरफुलांचीच दाटी होते. मधे फट उरते ती चार-पाच आठवड्यांची. ओलवण (मशागतीआधीचं पाणी), वाफसा, मशागत, बेड (गादीवाफे), पेरणी, सगळं त्यातच बसवायचं.

रब्बीचं पीक निघालेलं काळं रान कोरडंच उकरायला गेलं तर हातात येतात ती ढेकळं, आणि ती फोडायला ट्रॅक्टरच काय, कुणीच पुरं पडत नाही. म्हणून आधी ओलवणीचं पाणी. त्यानंतर मुरमाड रान दोन-तीन दिवसांत तयार होतं, भारी काळ्याला आठवडासुद्धा लागतो. वरची माती फसवी असते; वरून पांढरी पडलेली आणि खाली चिकट. चार बोटं खालची माती घ्यायची, मुठीत दाबायची आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला तर घरी जायचं. मुठीत गोळाच झाला नाही तर उशीर झाला, पुन्हा हलकं पाणी द्या.

ओल्यात रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार, घातला तर काय होतं ते त्या दिवशी दिसत नाही. वरून रान छान भुसभुशीत वाटतं. पण चार-पाच इंचांवर पात्यांनी माती घासून गुळगुळीत थर बसवलेला असतो. एप्रिलमध्ये काकडी दुपारी मान टाकते, ठिबक चालू असतं, आणि माणूस रोग शोधत बसतो. रोप उपटून बघावं. सरळ खाली जायचं मूळ त्या थरावर आडवं वळलेलं सापडतं.

कल्टिव्हेटरच्या फणांनी रान हलवलं की काम संपत आलेलं असतं. तिथे रोटाव्हेटरचा मोह होतो. एक पाळी घातली, छान दिसलं, म्हणून दुसरी. आडवी झाली म्हणून उभी. माती पिठासारखी होते आणि पहिल्याच पाण्यानंतर तिच्यावर खपली धरते. भेंडीचा कोंब त्या खपलीखाली वाकडा होऊन मरतो आणि दोष बियाण्याच्या पिशवीला जातो. ढेकूळ हरभऱ्याएवढं ते बोराएवढं राहिलं की बस्स. ट्रॅक्टर फार हळू आणि पातं जोरात, असं जमलं की पीठ होणारच. म्हणून वाफशावर एक गिअर वर टाकून एकच पाळी घालावी.

आणि रानात हराळी किंवा लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर लावूच नये. तो हराळीचे तुकडे करतो आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. एका वेलीच्या जागी रानभर रोपवाटिका! तिथे फणांनी काशा, म्हणजे हराळीच्या जमिनीखालच्या गाठाळ मुळ्या, वर ओढायच्या, वेचायच्या आणि बांधावर वाळवायच्या. कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं.

शेणखत एकरी आठ टन, म्हणजे गुंठ्याला दोनशे किलो. ते शेवटच्या पाळीआधी पसरून वरच्या थरातच मिसळायचं. अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण.

आता थोडं गणित. ते कागदावर केलं नाही तर पुढे रोपांवर चाक घालून करावं लागतं. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत मध्यापासून मध्यापर्यंत २८ इंच अंतर धरलं, तर टायरच्या जाडीसकट बाहेरून बाहेर ३६ इंच भरतात, म्हणजे ९० सेंटिमीटर. बेडच्या मध्यापासून पुढच्या बेडच्या मध्यापर्यंत चार फूट ठेवलं आणि प्रत्येक बेडवर ४५ सेंटिमीटरवर भेंडीच्या दोन ओळी लावल्या, तर दोन जोडओळींमध्ये उरतात ७५ सेंटिमीटर. ट्रॅक्टर शिरतच नाही. पाच फूट ठेवलं तर १०५ उरतात आणि दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन इंच सुटतात. तेही ओळ दोरीने सरळ धरली असेल तर. पण पाच फुटांवर गेलं की पाचातली एक ओळ कमी होते. दहा गुंठ्यांच्या आत असाल तर हे नुकसान सोसू नका. ट्रॅक्टर बेड पाडेपर्यंत वापरा आणि कोळपणीला (ओळींमधलं तण काढायला) हाताने ढकलायचं सायकल-कोळपं काढा. अर्ध्या एकराच्या पुढे मात्र पाच फूट परवडतं, कारण कोळपणीला माणूस मिळत नाही.

बेड पाडताना चाकं बेडच्या जागेतूनच जातात आणि दाबलेली माती बेडच्या पोटात राहते. म्हणून बेड पाडणाऱ्या अवजाराच्या पुढे, दोन्ही चाकांच्या मागे एकेक फण बसवून घ्यावा. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. पेरणीनंतर मात्र चाक सरीतच, दरवेळी त्याच वाटेने.

वळणाची जागाही अशीच विसरली जाते. ६६ बाय १६५ फुटांचा दहा गुंठ्यांचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना दहा-दहा फूट वळायला सोडले, तर लांबीने चालवताना १६५ पैकी वीस फूट जातात, बाराएक टक्के. तोच रुंदीने चालवला तर ६६ पैकी वीस, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रान वळण्यातच संपलं. उतार आडवा येत नसेल तर लांबीनेच चालवावं.

अवजार उचललं की पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीने अवजार फिरवणारा मागचा दांडा, बंद करायचा आणि मग वळायचं. रोटाव्हेटर वर असताना पीटीओला जोडलेल्या शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस खडखडायला लागतो. त्या क्रॉसला दर आठ-दहा तासांनी ग्रीस हवं. पात्यांचे बोल्ट पहिल्या तासाभरानंतर पुन्हा आवळावे, ते हमखास सैल होतात. शाफ्टवरचा शिअर बोल्ट दगड लागला की तुटतो, आणि तो तुटण्यासाठीच असतो. वैतागून त्याजागी कडक हाय-टेन्साइल बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. शाफ्टवरचं गार्ड काढून ठेवलेलं असेल तर ते आधी लावा. पदर, उपरणं, ओढणी यांना पीटीओ सोडत नाही. वाळलेल्या रानात धूळ मुबलक, तेव्हा ऑइल बाथ एअर क्लीनर (इंजिनात जाणारी हवा तेलातून गाळणारा) रोज उघडून बघावा.

लागणीनंतर खरं काम पाण्याचं. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. मार्चअखेरीस पिकाला दिवसाला पाच मिलिमीटर लागले तर गुंठ्याला पाचशे लिटर झाले, आणि दहा गुंठ्यांना पाच हजार. विहिरीला एवढं झेपतं का, हे बेड पाडण्याआधीच पाहून ठेवावं.

काकडीचे वेल जमिनीवर सोडले असतील तर महिन्याभरात ते सरीत उतरतात आणि ट्रॅक्टर आत जाऊ शकत नाही. तिथून पुढे खुरपं. भेंडीत थोडा जास्त काळ चालतो, रोपं गुडघ्याएवढी होईपर्यंत. आणि तोडे संपून रान मोडायची वेळ आली की रोटाव्हेटर लावण्याआधी ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद, दोन्ही शेवटच्या तुकड्यापर्यंत गोळा करा. रोटरवर गुंडाळलेली सोळा एमएमची नळी विळ्याने कापून काढायला पाळी घालण्यापेक्षा जास्त वेळ जातो.