भुसा पडायलाय, काढ पातं!

जुन्या वाड्याची सागवानी तुळई चिरली की कधीकधी आत असं लाकूड निघतं की बघत राहावं. नसा एका दिशेनं जातच नाहीत, उलटसुलट फिरलेल्या असतात. पण रंधा मारला की एक वीत गुळगुळीत आणि पुढची वीत फाटलेली. नस उलटी आली की पातं तिला कापत नाही, उचकटतं. अशा फळीला स्क्रॅपरच लागतो, म्हणजे लाकूड खरवडून गुळगुळीत करणारं अवजार. तो लावायचा कसा, हे मी लातूरला आपल्या शाळेच्या सुतारकामाच्या शेडमध्ये शिकलो. आज माझं फर्निचरचं काम त्याच शिकवणीवर चालतं.

शेडमध्ये दोन मुठींचा बिडाचा स्क्रॅपर होता. सर आधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचा तळ घासायला लावत. तळ सपाट नसेल तर पुढचं सगळं वाया. मग पात्याला कानशीनं ४५ अंशांचा उतार द्यायचा, तेलाच्या दगडावर ओरखडे घालवायचे, कोपरे किंचित गोल करायचे, नाहीतर फळीवर रेघा उमटतात.

खरी कसोटी त्यानंतर. कडक पोलादी दांडीला तेलाचं बोट लावून ती धारेवरून न्यायची. आधी उताराला चिकटून, मग दर फेरीला थोडी उभी करत ७५ अंशांपर्यंत. धारेला बारीक आकडी वळते. ती नजरेला दिसत नाही, पण पात्याच्या सपाट बाजूवरून अंगठा धारेबाहेर सरकवला की लागते. सर एकेकाचा अंगठा धरून ती दाखवत. फार जोर केला तर आकडी मोडते, हे त्यांचं सांगणं मी आजही माझ्या पोरांना सांगतो.

बसवणं सोपं. स्क्रॅपर सपाट फळीवर ठेवून पातं खालून घालायचं, आकडी पुढं, उतार मागच्या स्क्रूकडं. पातं फळीला टेकलं की वरचे स्क्रू आवळायचे. मागचा स्क्रू पिळला की पातं मधे वाकतं आणि केसभर बाहेर येतं.

"भुसा पडायलाय बाळा, काढ पातं," सर म्हणत. ढलपीऐवजी भुसा आला म्हणजे आकडी नीट नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी पडेपर्यंत फळी पुढं सरकत नसे. पॉलिश पेपरनं घासलेल्या सागवानाला ती झळाळी येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

शेड आता राहिली नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेनं निदान एक सुतारी बाक पुन्हा मांडावा. अवजारं मी देतो, आणि दर शनिवारी शिकवायलाही येतो.