दुपारचे तीन

गुरुवार, रात्री साडेदहा

दिवसभर पाऊस. सगळी सांगली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघतेय, मी वजनकाटा. पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. माझा काटा आज ७१.४. महिन्यापूर्वी ७४ होता. त्यातले पहिले दोन किलो आठवड्यातच उतरले आणि मी गल्लीभर सांगत सुटले. मिरजेच्या डॉक्टर भाच्यानं हवाच काढली. "मामी, चरबी नाही ती, बरंचसं पाणीच आहे." शरीर साखर साठवतं ती ग्लायकोजेनच्या रूपात, यकृतात आणि स्नायूंत, आणि त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-भाकरी तोडली की साठा रिकामा, पाणीही चाललं. म्हणजे माझा पूर ओसरला, एवढंच.

पण वजनासाठी हे सुरू केलंच नव्हतं. दिवाळी अंकाची कथा द्यायचीय आणि दुपारी तीन वाजले की डोळ्यांवर झापड. आज जुनी पानं चाळली. मे महिनाभर एकच रड, "दुपारी काही सुचलं नाही, मूड नाही." काय जेवले ते मात्र एकाही पानावर नाही. मूड बिचारा उगीच बदनाम झाला, करणी आमटी-भाताची होती. वर चार वाजता भडंग. भडंग हलकं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. हलकं कसलं, फुगवलेला तांदूळच तो! माझ्या कीबोर्डवरचा 'क' हळदीनं पिवळा पडलाय, अक्षर अंदाजानं ओळखायचं.

तर जूनमध्ये एका सोमवारी सगळं बंद केलं. भात, भाकरी, पोहे, चहातली साखर. आत्या म्हणाल्या, "कसली गं ही थेरं? शाळू सोडून माणूस जगतंय होय?"

पहिले पाच दिवस त्यांचंच खरं वाटत होतं. डोकं ठणकायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द सापडेनात. कथेतली म्हातारी ओसरीवर बसलीय, आणि मला 'ओसरी'च आठवेना. शेवटी "घरापुढची ती बसायची जागा" असं लिहून पुढे गेले. भाचा म्हणाला, इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, ताकात मीठ घालून पी. प्यायले, संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं. ओसरी दुसऱ्या दिवशी भांडी लावताना आठवली.

बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो म्हणे. साखर आटली की यकृत चरबीपासून कीटोन बनवून त्याला पुरवतं, पण ते अंगवळणी पडायला दिवस जातात. हा कडक 'कीटो' आहार १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये सुचवला गेला तो फिट्सच्या रुग्णांसाठी, लेखकांसाठी नव्हे. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

चुकाही केल्याच. भाकरी नाही म्हणून वाटीभर पिठलं चापायचे, प्रोटीन म्हणून. बेसनात निम्म्याहून जास्त पिष्टच. आधार दिला तो कृष्णाकाठच्या वांग्यांनी. दाण्याचं कूट, तीळ ठासून भरायचे, गूळ वगळायचा. सोबत दोन अंडी.

तिसऱ्या आठवड्यात तीन वाजता लख्ख जाग असायची. पण रात्री झोप येईना, आणि आत्यांवर विनाकारण डाफरले. तेव्हा हट्ट सोडला. आता दुपारी भात नाही, रात्री शाळूची एक भाकरी. झोप परत आली, तीनची झापड काही आली नाही. हे भात गेल्यामुळे, की जेवणच निम्मं झाल्यामुळे, की सकाळी घाटावर चालून येते त्यामुळे, देव जाणे. तिन्ही एकदम सुरू केल्यावर श्रेय कुणाला देणार?

परवा आत्यांनीही भात टाकून दिला, मला न सांगता. त्यांना मधुमेहाचं इन्सुलिन चालू आहे. भाचा फोनवर ओरडलाच. डोस न बदलता जेवण तोडलं तर साखर एकदम खाली येते. गुपचूप पुन्हा ताट वाढलं.

आज तीन ते पाच लिहिलं. म्हातारी अजून ओसरीवरच आहे, तिला उद्या उठवायचं. दिवा मालवायला गेले तर आत्या अंथरुणातून म्हणाल्या, "किती झालं गं?"

"एकाहत्तर पॉइंट चार."

त्या ताडकन उठून बसल्या. पुलाचं विचारत होत्या.