दिंडीतले बोलणे

वारीत राजकारण बोलायचे नाही, असे आमच्या दिंडीच्या विणेकरी महाराजांनी आळंदीत सगळ्यांना हात जोडून सांगितले होते. त्यांची काळजी मला कळत होती. 2024चा जून महिना मराठवाड्यातून आलेल्या माणसांना जड गेला होता. 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि त्यावरून गावोगाव एकाच पारावर बसणारी माणसे दोन पारांवर बसू लागली. आपल्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून ओबीसींनी वडीगोद्रीला केलेले उपोषण नुकतेच सुटले होते, आणि मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांनी अंतरवाली सराटीहून सरकारला दिलेली 13 जुलैची मुदत आम्ही वाटेत असतानाच संपणार होती. आमच्या दिंडीत मराठा, वंजारी, धनगर, माळी, लिंगायत अशी सगळीच माणसे आहेत आणि महाराजांना ही रांग पंढरपूरपर्यंत एकसंध न्यायची होती. तरीही त्यांचे म्हणणे मला पटले नव्हते. ज्या गोष्टीने घरात जेवण गोड लागत नाही, ती गोष्ट पिशवीतून बाजूला काढून ठेवता येत नाही, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

मी लातूरला न्यायालयात लघुलेखक आहे. 1 जुलैला माऊलींची पालखी पुण्यात मुक्कामाला होती आणि त्याच दिवशी देशभर नवे फौजदारी कायदे लागू झाले. अर्जित रजा मंजूर करताना साहेबांनी एवढेच विचारले होते, की नेमकी हीच वेळ का. आषाढीची तिथी माझ्या हातात नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. जी कलमे माझी बोटे आयुष्यभर न बघता टंकित करत आली, ती सगळी बदलली होती. खून 302चा 103 झाला, फसवणूक 420वरून 318वर गेली, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पोटगीचा अर्ज 125ऐवजी 144खाली येणार होता. आणि 1 जुलैच्या आधी घडलेला गुन्हा मात्र जुन्याच संहितेने चालणार असल्याने दोन्ही आकडे डोक्यात ठेवावे लागणार होते. दिवेघाट चढताना टाळाच्या ठेक्यावर माझ्या मनात नामाऐवजी हीच जोड्यांची उजळणी चालली होती. शेजारच्या काकूंनी माझे ओठ हलताना पाहून कौतुकाने मान डोलावली, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले आणि मी मोठ्याने ज्ञानोबा-तुकाराम म्हणू लागले. घाटाच्या वर पोहोचेपर्यंत आकडे आपोआप गळून गेले होते. सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान आणि लोणंद मला एका लांब दिवसासारखे आठवतात.

या साऱ्यात चिडचिड पुष्कळ होती. प्रत्येक गावाच्या वेशीवर हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फलक होते, आणि त्यावरच्या विठ्ठलाच्या मूर्तीपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होते. बायकांच्या फिरत्या शौचालयांपुढच्या रांगा पहाटे तीनपासून लागत. पाण्याचा टँकर आला की मागची माणसे पुढच्यांच्या कळश्या सरकवत. काकडा चालू असताना कोणीतरी आपल्या मुलीला दिव्याखाली उभे करून चित्रीकरण करत होते. मी एकदा भांडलेही. भांडून परत रांगेत आले, तर जिच्याशी भांडले ती बाई वाकून माझ्या पाया पडली आणि ‘माऊली’ म्हणाली, कारण तशी रीतच आहे. मीही तिच्या पाया पडले. राग गेला नव्हता, पण वाकावे लागले.

आमच्या रांगेत तात्या आणि नाना कायम शेजारी चालतात. तात्या औशाकडचे सोयाबीनवाले मराठा शेतकरी, नाना एस.टी.तून निवृत्त झालेले वंजारी वाहक. एकाचा टाळ पडला तर दुसऱ्याने उचलायचा, इतका त्यांचा शेजार जुना. या वर्षी आळंदीपासून दोघांचे बोलणे तुटक होते. 9 जुलैला आम्ही फलटणला मुक्कामी होतो आणि त्या दिवशी लातुरात मनोज जरांगे यांची शांतता रॅली होती. तात्यांचा मुलगा त्या गर्दीत होता. त्याने पाठवलेली दृश्ये तात्या तंबूत मोठ्या आवाजात पाहत होते. नानांचा पुतण्या जूनमध्ये वडीगोद्रीला जाऊन बसला होता. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी आपली वळकटी उचलली आणि ट्रकच्या पलीकडे जाऊन पथारी पसरली. पहाटे काकड्यानंतर रांगेत उभे राहताना दोघे एकमेकांच्या पाया पडले आणि मान न वळवता पुढे पाहत राहिले. हे पाहणे मला त्या भांडणापेक्षा कठीण गेले.

बरडवरून नातेपुत्याकडे निघालो, तो दिवस 11 जुलैचा होता. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतल्या गोंधळावर सुनावणी होती. माझी मुलगी 5 मेला ती परीक्षा देऊन आली होती. निकाल 4 जूनला, म्हणजे मतमोजणी चालू असतानाच लागला, आणि आमच्या घरात कोणाला किती जागा मिळाल्या हे रात्री उशिरापर्यंत कोणी विचारलेही नाही. गेल्या वर्षी जेवढ्या गुणांवर सरकारी महाविद्यालय मिळाले असते, तेवढे गुण मिळवूनही तिचा क्रमांक फार खाली गेला होता. पुढे पेपरफुटीच्या तपासात आमच्याच शहराचे नाव वर्तमानपत्रात आले. ज्या शहरात दूरदूरच्या गावांतली मुले खोल्या करून राहतात आणि चार-चार वर्षे फक्त अभ्यास करतात, तिथे त्या बातमीने काय झाले असेल, हे बाहेरच्याला समजणे अवघड आहे. मी वारीला निघाले तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, तू विठ्ठलाला काही मागू नकोस, तारीख लवकर लागू दे एवढेच माग.”

धर्मपुरी ओलांडल्यावर दुपारी माझा पाय संपला. डाव्या तळव्याला बोटांच्या मागे आलेला फोड सकाळपासून टिचत होता, तो फुटला आणि त्याची कातडी दुमडून आत गेली. नवा पालखी मार्ग रुंद आहे आणि त्याने गर्दीची सोय झाली, हे मला मान्य आहे. पण रुंदीकरणात जुनी झाडे गेली आणि सिमेंटचा रस्ता दुपारी अडीच वाजता खालून तव्यासारखा तापतो. पाऊस दोन दिवस दडी मारून बसला होता. दिंडी पुढे निघून गेली, पताका दिसेनाशी झाली, मागच्या दिंड्या एकामागून एक माझ्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या. मी पायाची कड टेकवत चालत होते आणि मला रडू येत होते. त्यातच मुलीचा फोन आला. सुनावणी 18 तारखेवर गेली होती. तिने एवढेच सांगून फोन ठेवला. मला तिथे, रस्त्याच्या मधोमध, विठ्ठलाचा राग आला. तारखा म्हणजे काय हे मला रोज दिसते. मी स्वतः त्या टंकित करते. पण आपल्या लेकराची तारीख पुढे गेली की ती कशी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

रस्त्याकडेला पत्र्याचे छप्पर असलेले एक घर होते, बाजूला गोठा, दोन जर्सी गाई. दारात उभी असलेली बाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती. ती पुढे आली आणि माझ्या खांद्यावरची पिशवी तिने न विचारता उतरवून घेतली. “अवो ताई, बसा की खाली. पाय दावा.” मी नको म्हणत होते, कारण पाय घाणीने माखला होता. तिने घमेल्यात कोमट पाणी ओतले, मूठभर मीठ टाकले आणि माझा पाय स्वतःच्या हाताने त्यात धरला. पहिल्या चटक्याला मी ओरडले. ती म्हणाली, “वरडा, वरडा, हितं कोण ऐकतंय.” मग तिने टाचेकडचा दुसरा, न फुटलेला फोड पाहिला. सुई दिव्यावर धरून लाल केली, तिच्यात पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा तिथेच ठेवून दोन्ही टोके कापली. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू पाझरू लागले आणि ठणका उतरला. फुटलेल्या जागेवर तिने खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली. सासूच्या जुन्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडून तिने त्याची पट्टी केली. ते लुगडे इतके धुतलेले होते, की कापसासारखे मऊ लागत होते. हे सगळे होत असताना तिने मला माझे गाव, आडनाव, जात, काहीच विचारले नाही. मी काय काम करते हे मात्र विचारले.

न्यायालयात लिहायचे काम करते म्हटल्यावर ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आली. लाडक्या बहिणीचा अर्ज होता. अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाल्यापासून दिंडीतल्या बायका रोज रात्री त्याच्यावरच बोलत होत्या, आणि विधानसभा तोंडावर आल्यामुळेच हे पंधराशे रुपये आले आहेत, असे मी जेजुरीत सगळ्यांसमोर ठासून सांगितले होते. वेळेबद्दलचे माझे ते मत बदललेले नाही. पण त्या ओसरीवर मी तिचा अर्ज माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिला. तिच्या आधार कार्डावर माहेरचे नाव होते आणि रेशनकार्डावर सासरचे. अधिवासाचा दाखला नव्हता. त्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालत होता, आणि केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ती त्यासाठी दोनदा रोजगार बुडवून तालुक्याला जाऊन आली होती. पैसे कशाला हवेत, असे मी विचारले नाही. तिनेच सांगितले, की धारा ती काढते, वैरण ती कापते, पण दुधाचा पगार मालकाच्या नावावर जमा होतो आणि स्वतःच्या नावावरचे बँकेतले खाते तिने या अर्जासाठी पहिल्यांदा उघडले आहे. पासबुकाचे पहिले पान तिने मला दाखवले. त्यावरच्या आपल्या नावावरून तिने बोट फिरवले.

निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले. ती मागे सरली नाही. तीही वाकली आणि आमची डोकी एकमेकींवर आपटली. नातेपुत्यापर्यंत मी चालत गेले. समाजआरती होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी पुरंदवड्याचे रिंगण झाले. अश्व धावले, धूळ उडाली, आणि उडीच्या खेळात टाळकरी पालखीभोवती बसले, तेव्हा दोन बाजूंनी येऊन बसलेले तात्या आणि नाना एकमेकांना खेटूनच बसलेले मला दिसले. जागाच तेवढी होती. उठताना नानांना गुडघ्यामुळे उठवेना, तात्यांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. मग तात्या म्हणाले, “पाऊस झाला का तुमच्याकडं?” नाना म्हणाले, “झाला. दुबार टळली.” त्यानंतर वेळापूरच्या वाटेवर ते पुन्हा भांडले, पण या वेळी तोंडाने आणि माझ्यासमोर.

त्या भांडणात मला बोलावे लागले, कारण दोघेही ज्या निकालांचा दाखला देत होते ते दोघांनीही ऐकीव घेतलेले होते. मी चालता चालता सांगत गेले. 1992 साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आरक्षणाला सर्वसाधारणपणे 50 टक्क्यांची मर्यादा घातली. 5 मे 2021 रोजी मराठा आरक्षणाचा राज्याचा कायदा त्याच मर्यादेवर अडला आणि रद्द झाला. 2024च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने 10 टक्क्यांचा नवा कायदा केला. ओबीसीत जाण्यासाठी तात्यांना कुणबी नोंद हवी आहे, पण लातूर जिल्ह्यात निजामकाळातल्या तशा नोंदी फार थोड्या सापडल्या आणि त्यांच्या भावकीत एकही नाही. नानांच्या समाजाला राज्याच्या नोकऱ्यांत भटक्या जमाती ‘ड’ म्हणून 2 टक्के वेगळे आहेत; केंद्राच्या यादीत आणि पंचायतीच्या निवडणुकीत मात्र ते ओबीसीतच मोजले जातात, म्हणून त्यांना भीती वाटते. दोघांनीही हे एकमेकांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तात्या बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “म्हंजी, पोरगं माझंबी घरीच बसलंय अन् तुझंबी.” नाना म्हणाले, “माझं पुण्यात सिक्युरिटीत हाय. घरी बसल्यागतच.” विणेकरी महाराज पुढून हे सगळे ऐकत होते. त्यांनी नियमाची आठवण करून दिली नाही. अभंग संपेपर्यंत थांबून त्यांनी मलाच विचारले, की एवढे सगळे कुठे मराठीत लिहिलेले मिळेल का.

भंडीशेगाव, वाखरी, मग पंढरपूर. पददर्शनाची रांग माझ्या रजेत बसणारी नव्हती, त्यामुळे मी कळसाचे दर्शन घेतले आणि द्वादशीला एस.टी.ने परतले. 18 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सर्व केंद्रांचे निकाल जाहीर करायला सांगितले. मुलीने ती यादी रात्रभर चाळली. 23 तारखेला फेरपरीक्षा नाकारली गेली आणि आता मुलगी पुढच्या वर्षीची तयारी करते आहे. मी रात्री जेवणे आटोपल्यावर आरक्षणाच्या त्या दोन निकालांचा मराठी गोषवारा लिहीत बसते. इंद्रा साहनीचा भाग पूर्ण झाला आहे. तो तात्यांना, नानांना आणि महाराजांना एकाच दिवशी पाठवला. नानांनी त्यातल्या एका परिच्छेदावर शंका विचारली आहे आणि ती रास्त आहे, त्यामुळे तो परिच्छेद मी पुन्हा लिहिते आहे.