दार लागत नव्हतं, पण दाराचं काही बिघडलंच नव्हतं

रत्नागिरीत डेंटिंगचं काम करतो. खाऱ्या हवेत पत्रा आतून सडतो हे मला कुणी सांगायला नको. तरी गेल्या आठवड्यात जुन्या गिऱ्हाईक बाईंची 2001 ची मारुती 800 आली आणि मी चपापलो. ड्रायव्हरचं दार लागत नव्हतं, आणि स्ट्रायकरपाशी, म्हणजे मधल्या पिलरवर (दोन दारांमधल्या खांबावर) ज्या खुंटीत दाराचं लॉक अडकतं तिथे, मीच मार्करने केलेली खूण अजून दिसत होती. दोन वर्षांपूर्वी दार लागावं म्हणून तो स्ट्रायकर मीच खाली सरकवून दिला होता.

तेव्हाही दाराची त्या पिलरकडची फट वर मिटलेली आणि खाली उघडलेली होती. बिजागरीची पिन झिजून दार लोंबलं की असंच दिसतं, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. यावेळी दार उघडून टोकाला धरून उचललं. पिन झिजली असती तर खडखड हाताला लागली असती. बिजागरी घट्ट होती.

मग स्ट्रायकर काढला, दार नुसतं टेकवलं आणि मधल्या पिलरखाली फळी देऊन जॅक चढवला. आधी पापड मोडावा तसा आवाज आला, फळी पत्र्यात रुतली. आणखी चढवल्यावर फट हळूहळू सरळ होत वरपासून खालपर्यंत सारखी झाली. दार जागेवरच होतं, गाडीच मधोमध खचली होती. दाराखालची पेटी, म्हणजे गाडीच्या कडेने जाणारा पोकळ पत्रा, कापली तर आत ओला चिखल! पाणी निघून जायची भोकं कुणीतरी काळं कोटिंग मारून बुजवली होती. लोकांना खालून गाडी काळी कुळकुळीत दिसली की समाधान, आणि गॅरेजवाले तेच विकतात.

"दार लागलं म्हणजे झालं रे," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचा सीटबेल्टही याच पिलरला आहे," मी म्हटलं. मग त्या तयार झाल्या.

चार दिवस लागले. पेटी एकदम कापली तर बॉडी हलते, म्हणून गाडी टेकूंवर घेतली, दारं लावूनच वीतभर कापायचं, नवा पत्रा वेल्डिंगने टाचायचा, फट बघायची, मग पुढचा तुकडा. भोकं मोकळी ठेवली. शेवटी स्ट्रायकर वर, मूळ जागी नेला.

रात्री जुनी वही काढली. स्ट्रायकर सरकवून दिलेल्या आणखी तीन जुन्या गाड्या निघाल्या. दोघांना फोन लागला, उद्या येतायत. तिसऱ्याचा नंबर बंद आहे.