तालुक्याला असले आजार कुठून येणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात भेटणारे पाहुणे मला हे विचारतात, पुण्यातले वर्गमित्र विचारतात, आणि आमच्याकडे शिकायला येणारी पोरं तर पहिल्याच आठवड्यात विचारतात: "मॅडम, तासगावसारख्या ठिकाणी दुर्मिळ आजार कुठून येणार? आणि आले तरी इथं ओळखू कसे येणार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साध्या त्रैराशिकाचं आहे. विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा, साधारण ३०,००० माणसांत एकाला असतो असं धरतात. २०११ च्या जनगणनेत आमच्या तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. म्हणजे या एकाच आजाराची आठ माणसं तालुक्यात असायला हवीत. मला आजवर शेजारचे तालुके धरूनही तीनच सापडली. उरलेली कुठे आहेत, हा विचार मला झोपेतही सोडत नाही. आणि असे आजार एकदोन नाहीत, सात हजारांच्या घरात आहेत. एकेकटा विरळा, पण सगळे मिळून मोठी गर्दी होते. ती माणसं आमच्याच बाकावर बसलेली असतात, फक्त केसपेपरवर पोटदुखी, अशक्तपणा, थरथर एवढंच लिहिलेलं असतं.

मी बावीस वर्षं पन्नास खाटांच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिशियन आहे. आमच्याकडे सोनोग्राफी आहे, साधी लॅब आहे. एमआरआयला मिरज. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून या भागात "मिरजेला नेलंय" एवढं म्हटलं की दुखणं मोठं आहे हे न सांगता कळतं. मिरज जवळ आहे हे आमचं भाग्यच. पण मिरजेला कुणाला पाठवायचं आणि काय म्हणून पाठवायचं, हे आधी इथंच ठरावं लागतं.

त्या तिघांतला पहिला जतकडचा मुलगा, पंधरा वर्षांचा. वर्षभरात त्याचं अक्षर बिघडलं होतं. आधी बारीक झालं, मग वाचता येईना. शाळेत मार खाल्ला, घरी बोलणी खाल्ली. नंतर तोंडातून लाळ गळायला लागली, बोलणं जड झालं, तेव्हा देवऋष्याकडे नेलं. माझ्यासमोर आला तेव्हा त्याची आई त्याची गेल्या तीन वर्षांची वह्यांची पिशवी घेऊन आली होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. "पोरगं आळशी नव्हतं हो," एवढंच तिला दाखवायचं होतं. सहावीची वही, सातवीची वही, आठवीची वही. त्या तीन वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि मला जे कळलं ते कुठल्याही स्कॅननं इतकं स्वच्छ सांगितलं नसतं.

मी तिला विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठलं?" आमच्याकडे "नात्यात लग्न झालंय का?" असं थेट विचारलं की माणसं अंग चोरतात, आपल्याला दोष देतायत असं वाटतं त्यांना. माहेर विचारलं की सगळं मोकळेपणानं येतं. ती म्हणाली, "हेच की. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या." म्हणजे मुलाच्या बापानं मामाची मुलगी केलेली. विल्सनच्या आजारात आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. नवव्या वर्षी या मुलाला कावीळ होऊन गेली होती, झाडपाल्याचं औषध दिलं होतं. ती कावीळ म्हणजे या आजाराचीच पहिली खूण असावी असं मला आज वाटतं.

या आजारात यकृताला जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत, आणि डोळ्यांच्या बुबुळाच्या कडेला त्याचं हिरवट-तपकिरी कडं दिसतं. आपल्या काळ्या डोळ्यांत ते टॉर्चनं सहज दिसत नाही, डोळा मोठा करून दाखवणारा स्लिट लॅम्प लागतो. रस्त्यापलीकडे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मुलाला बसवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "या, बघा." पूर्ण कडं. दोन्ही डोळ्यांत.

ती आई घरी तांब्याच्या हंड्यातलं पाणी मुलाला मुद्दाम देत होती, प्रकृतीला चांगलं म्हणून. ऐकल्यावर ती जी रडली ते मला सांगवत नाही. हंड्यामुळे हा आजार होत नाही, तो जन्मतः असतो, हे मी तिला त्या दिवशी आणि नंतरही पुन्हा पुन्हा सांगितलं. हंडा मात्र बंद करायला सांगितला.

१९१२ मध्ये किनियर विल्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा रोगी हमखास दगावत असे. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाईन वापरलं, तेव्हापासून यावर गोळी आहे. पण ती सावकाश वाढवावी लागते, कारण मेंदूवर परिणाम झालेल्यांचं दुखणं सुरुवातीला वाढू शकतं. आणि ती जन्मभर घ्यायची. मुलगा सावरला. बोलणं बरंचसं परत आलं, अक्षर आलं नाही.

खरी झुंज पुढे झाली. त्याला बारा वर्षांची बहीण होती, अगदी ठणठणीत. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. तपासणीत तिच्यातही निघाला. वडील म्हणाले, "तिला काय होत न्हाई तर गोळ्या कशाला? आणि कागदावर लिहू नका, उद्या लग्न जमवायचंय." मी त्यांचा राग केला नाही, त्यांची भीती खरी आहे. पण मी हटलेही नाही. चार महिने लागले. शेवटी आईनं ठरवलं आणि गोळ्या चालू केल्या. आज ती मुलगी विशीत आहे, हात थरथरत नाही, यकृत ठीक आहे. आमच्या दवाखान्यात गेल्या बावीस वर्षांत काय चांगलं झालं असं कुणी विचारलं तर मी त्या मुलीकडे बोट दाखवीन. भावाच्या वह्यांनी बहीण वाचवली.

पैशांचंही थोडं सांगायला हवं. २०२१ साली केंद्र सरकारनं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. २०२२ पासून त्यातल्या आजारांसाठी ठरावीक केंद्रांत पन्नास लाखांपर्यंत मदतीची सोय झाली. मुंबईचं केईएम त्यांतलं एक. धोरण चांगलं आहे, आणि ते यावं म्हणून ज्या पालकांनी कोर्टकचेऱ्या केल्या त्यांचे उपकार आहेत. पण जतहून केईएमला जायचं म्हणजे एका माणसाचा आठवड्याचा रोजगार बुडतो, आणि आजाराचं नाव कळल्याशिवाय जायचं तरी कुठल्या दारात? नाव कळेपर्यंतची वर्षं कुठल्याच योजनेत बसत नाहीत.

आता दुसरा प्रश्न: ओळखायचं कसं. माझं म्हणणं असं की तालुक्याच्या डॉक्टरकडे मशीन कमी असतात, पण पंचांग असतं. कुठल्या महिन्यात माणसं काय करतात, काय खातात, काय खात नाहीत, हे आम्हाला ठाऊक असतं.

ऑक्टोबरची एक रात्र. एकाच टोळीतले चार मजूर आले. चेहरे लालबुंद, छातीत धडधड, रक्तदाब खाली. चौघंही पिऊन आलेले. सोबत आलेले म्हणत होते दारू विषारी होती, आणि पोलिसांना फोनही गेला होता. पण त्याच गुत्त्यावर बसलेल्या बाकीच्यांना काही झालं नव्हतं. मी विचारलं, दिवसभर काय काम केलंत? "पेस्ट लावली." द्राक्षबागेत फळछाटणी झाली की वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात, त्यालाच इकडे पेस्ट म्हणतात. ते शरीरात गेलं की दारू पचवणाऱ्या साखळीतला एक दुवा बंद पडतो आणि दारूतून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. सायनामाईडच्या कारखान्यांतल्या कामगारांत हे शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं, आणि पुढे काही देशांत दारू सोडवण्यासाठी हेच औषध म्हणून दिलं गेलं. चौघांना सलाईन लावलं, रात्रभर मॉनिटरवर ठेवलं, सकाळी चहा पिऊन गेले. डब्यावर सूचना असते. पण मजुराच्या हातात डबा येत नाही, बादली येते. तेव्हापासून दर छाटणीला मी बागायतदारांना सांगत असते: हातमोजे द्या, आणि पेस्टच्या दिवसांत दारू नको हे टोळीला त्यांच्या भाषेत सांगा.

त्याच ऑक्टोबरची, म्हणजे आश्विनाची, दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं, कारण तिच्यात चूक माझी आहे.

तिशीतली एक बाई. पोटात असह्य दुखायचं, ओकाऱ्या व्हायच्या, पण पोट दाबलं तर मऊ. सोनोग्राफी स्वच्छ. आधी कुठेतरी अपेंडिक्स काढून झालं होतं, तरी दुखणं तसंच. आमच्याकडे दोन वर्षांत दोनदा आली, दोन्ही वेळा मी ॲसिडिटीचं औषध देऊन पाठवलं. सासूबाई म्हणायच्या, काम नको म्हणून पडून राहते. नवरा गप्प बसायचा. तिसऱ्यांदा आली ती झटका येऊन. सोडियम फार खाली गेलेलं. मी झटक्यासाठी फेनिटॉइन दिलं. पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, पण तिच्यासाठी ते विष होतं. दोन दिवसांत तिला कंगवा डोक्यापर्यंत नेता येईना. लघवी अडली म्हणून नळी घातली होती.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी माझ्या मागे आल्या. "म्याडम, ह्या बाईची लघवी सकाळच्याला साधी असती. खिडकीतनं पिशवीवर ऊन आलं की कोकमागत हुती. मी रोज बघत्या."

मी राउंडला सकाळी आठला जायचे. ऊन त्या खिडकीत दहानंतर येतं.

लॅबमधल्या भाऊंकडे कावीळ तपासायच्या कामाचं एर्लिखचं द्रावण होतं. दोन थेंब टाकले, लाल झालं. क्लोरोफॉर्म घालून हलवलं तरी रंग वरच्या पाण्यातच राहिला, म्हणजे तो काविळीचा रंग नव्हता. ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फायरिया. पक्कं करायला बाटली काळ्या कागदात गुंडाळून मुंबईला पाठवली, पण फेनिटॉइन मी त्याच मिनिटाला बंद केलं होतं.

आमच्या भागात पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं की हे लगेच कळतं. रक्ताला लाल करणारं हीम आठ टप्प्यांनी तयार होतं. हिच्यात तिसऱ्या टप्प्याचं दार जन्मापासून अर्धंच उघडतं. एरवी तेवढ्यात भागतं. पण पोट रिकामं राहिलं, किंवा काही ठरावीक औषधं गेली, की यकृत वरचं दार सताड उघडतं. पाणी तिसऱ्या दारापाशी तुंबतं आणि फुटून भलत्या रानात शिरतं. पोट, नसा, मेंदू, सगळीकडे. वरचं दार मिटवायला साधं ग्लुकोज कामी येतं. या आजारावरचं खास औषध, हिमीनचं इंजेक्शन, आमच्याकडे नव्हतं. ग्लुकोजचं सलाईन चढवलं, सोडियम तासातासाला बघत राहिलो. दुखणं चौथ्या दिवशी उतरलं. हातांतली ताकद यायला पाच महिने लागले.

नंतर तिची जुनी कागदपत्रं तारखेनं लावली. प्रत्येक वेळचं दुखणं आश्विनातलं. ती नऊ दिवस कडक उपवास करायची, दिवसातून कपभर दूध आणि एखादं केळं. उपवास कधीपासून, माहेरी असं कुणाला होतं का, हे दोन प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवे होते. तिची एक मावशी तिशीतच पोटदुखी होऊन, मग हातपाय लुळे पडून गेली होती. तिच्या माहेरच्या सगळ्यांना बोलावून तपासलं, दोघं निघाले. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांची यादी लॅमिनेट करून प्रत्येकाच्या पाकिटात दिली. माझी माफी मी तिच्याकडे मागितली, तिच्या नवऱ्यासमोर. ती म्हणाली, "निदान नाव तर मिळालं." तिला खोटं ठरवणं थांबलं होतं, हे तिच्या लेखी मोठं होतं.

पुढच्या वर्षी घट बसायच्या चार दिवस आधी सासूबाई एकट्याच ओपीडीत आल्या. रांगेत बसल्या, नंबर आल्यावर आत आल्या. म्हणाल्या, "आमच्या घरात देवीचं धरणं मोडायचं न्हाई. तवा हिचं नऊ दिवस मी धरत्या, माझ्या अंगानं. हिला काय काय खायाला घालू तेवढं लिहून द्या."

मी लिहून दिलं: भात, भाकरी, गूळ, केळी, दिवसातून चार वेळा, आजारी असली तरी पोट रिकामं नको. त्यांना वाचता येत नव्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या नातवाकडून त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला, घडी घालून कनवटीला खोचला, आणि रुपयाच्या नाण्यांत केसपेपरचे पैसे मोजून ठेवून गेल्या.